असई: मुंबईच्या पहाऱ्यावरची एक गनबोट

नागपूरकर भोसल्यांच्या राज्याला 1803 पर्यंत समुद्र होता. 1751 मध्ये बंगालचा नवाब अलिवर्दीखान याने पहिल्या रघूजीशी तह केला, कटक प्रांत सोडून दिला आणि ओरिसाचा किनारा मराठ्यांकडे आला. त्याच्या दहा वर्षे आधी, बंगालच्या वाटेवर असताना, भास्करपंत कोल्हटकरांच्या फौजेने रतनपूर घेतले होते. पुढे 1758 पासून 1787 पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरातच राहिला आणि त्याने छत्तीसगडचा कारभार पाहिला. म्हणजे आजचे रायपूर, धमतरीच्या वाटेवरचे अभनपूर आणि त्या पलीकडचे राजिम हा सगळा टापू समुद्राला टेकलेल्या एका मराठी राज्याचा भाग होता. राजिमला पैरी आणि सोंढूर या नद्या महानदीला मिळतात. ते पाणी संबळपूरवरून कटकला जाते आणि बंगालच्या उपसागरात पडते. ओरिसाच्या किनाऱ्यावर पिकलेले मीठ वंजाऱ्यांच्या बैलांवर लादून छत्तीसगडात येई आणि परतीच्या वाटेला त्याच बैलांवर इकडचे धान्य लादले जाई.

23 सप्टेंबर 1803 रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात आर्थर वेलस्लीने दौलतराव शिंदे आणि दुसरे रघूजी भोसले यांच्या फौजेचा पराभव केला. शिंद्यांच्या कवायती पलटणींनी आणि गोलंदाजांनी इंग्रजांची दीड हजारांवर माणसे ठार-जखमी केली. पुढे वॉटर्लू जिंकलेला हाच सेनापती म्हातारपणीसुद्धा असईलाच आपली सर्वांत चांगली कामगिरी मानत असे. नोव्हेंबरात अडगाव झाले, डिसेंबरात गाविलगड पडला आणि 17 डिसेंबर 1803 च्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी कटक सोडले. किनारा गेला. दुसऱ्याच वर्षी कंपनीने ओरिसाच्या मिठावर आपला मक्ता बसवला. छत्तीसगडच्या जेवणातले मीठ आता परक्या सरकारने ठरवलेल्या भावाने येऊ लागले.

शहाऐंशी वर्षांनी, फेब्रुवारी 1890 मध्ये, इंग्लंडच्या उत्तरेला टाइन नदीकाठी आर्मस्ट्राँग कंपनीच्या एल्स्विक कारखान्यातून एक नवी गनबोट पाण्यात उतरली. तिचे नाव ठेवले होते असई. तिची जोडीदार प्लासी त्याच वर्षी जुलैत उतरली. दोन्ही बोटी मुंबई बंदराच्या रक्षणासाठी होत्या आणि दोन्हींचे पैसे हिंदुस्थानच्या तिजोरीतून जायचे होते. त्या तिजोरीत 1854 मध्ये खालसा झालेल्या नागपूर राज्याचा, म्हणजे अभनपूरच्या धानाच्या शेतांचाही महसूल जमा होत होता.

रशियाचे भय

मुंबईसारख्या बंदराला रक्षणासाठी बाहेरून बोटी मागवाव्या लागाव्यात, हेच मुळी नवल होते. वाडियांच्या हाताखाली मुंबईच्या गोदीत सागवानी युद्धनौका बांधल्या जात. 1817 मध्ये इथेच बांधलेली ट्रिंकोमाली आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. कंपनीचे बॉम्बे मरीन हे आरमारही इथलेच. कान्होजी आंग्र्यांशी झुंजत ते वाढले आणि 1756 मध्ये विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले तेव्हा इंग्रज काफिल्यात तेही होते. पुढे त्यालाच इंडियन नेव्ही हे नाव मिळाले. पण 1857 नंतर कारभार राणीकडे गेला आणि 1863 मध्ये हे लढाऊ दल बरखास्त झाले. समुद्रावर लढणे हे यापुढे लंडनच्या रॉयल नेव्हीचे काम ठरले. मुंबईकडे उरले ते पलटणी वाहून नेणे, किनाऱ्याची मोजणी करणे आणि दीपगृहांना सामान पोहोचवणे. 1877 मध्ये या दलाला इंडियन मरीन आणि 1892 मध्ये रॉयल इंडियन मरीन हे नाव मिळाले. नाव मोठे झाले तरी काम तेच राहिले.

लढाऊ दल मोडले, पण लढाईची भीती काही मोडली नाही. पहिला उपाय 1870 मध्ये आला. ॲबिसिनिया आणि मगडाला या दोन चिलखती मॉनिटर नौका टेम्सकाठी बांधून मुंबईला आणल्या गेल्या. मेलबर्नसाठी बांधलेल्या सेर्बेरसच्याच घडणीच्या या बोटी. लांबी 225 फूट, पाण्यावर जेमतेम दिसणारे बसके अंग, पुढे-मागे फिरते बुरूज आणि त्यांत तोंडाकडून भरायच्या दहा इंची चार तोफा. वेग दहा नॉटच्या आसपास. खुल्या समुद्रावर त्या नेणे धोक्याचे होते, त्यामुळे अधूनमधून सरावासाठी बाहेर पडल्या तर पडल्या, एरवी बंदरातच नांगरून असत. त्यांची नावे 1867-68 च्या हबसाणच्या, म्हणजे ॲबिसिनियाच्या, मोहिमेवरून घेतली होती. मुंबई फौजेचा सेनापती रॉबर्ट नेपियर मुंबईहून पलटणी आणि हत्ती घेऊन गेला, सम्राट तेवोद्रोसचा मगडाला किल्ला त्याने घेतला आणि परत आल्यावर तो मगडालाचा लॉर्ड झाला. त्या मोहिमेतल्या देशी पलटणींचा नेहमीचा पगारही हिंदुस्थानच्या खात्यावरच राहिला. परक्या देशातल्या लढाईचे नाव आणि तिचे बिल दोन्ही असे मुंबई बंदरात येऊन पडले.

दुसरा उपाय योजला गेला तो 1885 नंतर. त्या वर्षी 30 मार्चला पंजदेहला रशियन फौजेने अफगाणांना मार दिला आणि लंडनपासून सिमल्यापर्यंत युद्धाची भाषा सुरू झाली. खैबरची वाट सगळ्यांनाच ठाऊक होती. आरमारी अधिकाऱ्यांना काळजी होती ती समुद्राची. 1878 मध्ये लोकवर्गणीतून उभा राहिलेला रशियाचा स्वयंसेवी ताफा वेगवान आगबोटींचा होता. त्यांवर तोफा चढवल्या की त्यांतली एखादी आगबोट रात्री मुंबईसमोर येईल, कोळशाचे साठे जाळेल, कापसाने भरलेली जहाजे बुडवील आणि पहाटेआधी पसार होईल, हा त्या काळचा ठरलेला धसका होता. दहा नॉटने हलणाऱ्या मॉनिटर तिचा पाठलाग करणार कशा? बंदरातल्या मिडल ग्राउंड, ऑयस्टर रॉक आणि क्रॉस आयलंड या खडकांवर तोफखाने होतेच. हवी होती ती धावणारी बोट.

एका बंदरात मराठा आणि असई

पुढच्या काही वर्षांत मुंबईसाठी दोन प्रकारच्या बोटी आल्या. पहिल्या सात लहान टॉर्पेडो बोटी. त्यांची नावे अशी: बलुच, गुरखा, करेन, पठाण, मराठा, शीख, रजपूत. सैन्यभरतीच्या कचेरीत लढवय्या जातींची यादी टांगलेली असावी तसे हे वाचायला वाटते. दुसऱ्या दोन गनबोटी, प्लासी आणि असई. पायदळात भरती व्हायच्या लोकांची नावे छोट्या बोटींना, आणि इथल्याच लोकांच्या हारींची नावे मोठ्या बोटींना. मुंबईच्या एकाच बंदरात काही वर्षे मराठा आणि असई जवळजवळ नांगरलेल्या होत्या. यात कोणी मुद्दाम टोमणा मारला होता असे नाही. इंग्लंडातला कारकून विजयांच्या यादीतून नाव उचलतो, तेव्हा त्याच्या लेखी असई हे एका भूतकाळातल्या यशाचे नाव असते. जालन्यातल्या किंवा नागपुरातल्या माणसाला ते कसे ऐकू येईल, हा प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. 1901 मध्ये त्या छोट्या बोटींची नावे काढून त्यांना 100 ते 106 असे नुसते क्रमांक दिले गेले. असईचे नाव मात्र शेवटपर्यंत राहिले.

असई शार्पशूटर वर्गातली टॉर्पेडो गनबोट होती. 735 टन, 230 फूट लांब, 27 फूट रुंद, पाणी कापणारे दोन पंखे. पुढे-मागे 4.7 इंची जलद मारा करणारी एकेक तोफ, चार लहान तोफा आणि 14 इंची टॉर्पेडो सोडणाऱ्या पाच नळ्या. माणसे नव्वदएक. या जातीच्या बोटींमागचा विचार सरळ होता. शत्रूच्या चपळ टॉर्पेडो बोटी आपल्या मोठ्या जहाजांवर धावून येतील तेव्हा त्यांच्यापेक्षा मोठी, तोफांनी सज्ज आणि तितकीच वेगवान बोट मध्ये घालायची. संधी मिळाली तर तिनेच टॉर्पेडोने मोठे जहाज बुडवायचे. हा विचार पोकळ नव्हता. 23 एप्रिल 1891 रोजी चिलीच्या यादवीत लिंच आणि काँडेल या अशाच दोन गनबोटींनी काल्देराच्या उपसागरात ब्लांको एन्कालादा ही चिलखती नौका टॉर्पेडोने बुडवली. स्वतःच्या बळावर धावणाऱ्या टॉर्पेडोने बुडालेली ती जगातली पहिली चिलखती युद्धनौका. असई नुकतीच सेवेत येत होती त्या काळातली ही बातमी. आपण मागवलेले हत्यार योग्य आहे, असे मुंबईतल्या आरमारी अधिकाऱ्यांना तेव्हा वाटले असेल तर त्यात नवल नाही.

आगगाडीचे बॉयलर समुद्रावर

दुखणे होते पोटात. एवढ्या लहान बोटीत एवढा वेग आणायचा तर बॉयलर हलका हवा. म्हणून या बोटींना आगगाडीच्या इंजिनाच्या घडणीचे बॉयलर बसवले गेले. एका टोकाला भट्टी, मग आडवे लांब पिंप, त्यातून आरपार गेलेल्या अनेक बारीक नळ्या आणि नळ्यांतून जाणारा तापलेला धूर भोवतालचे पाणी उकळवतो. कमी वजनात भरपूर वाफ.

रुळांवर ही घडण उत्तम चालते, कारण रुळांवर तिला उसंत मिळते. स्टेशन आले की गाडी थांबते, उतार लागला की वाफ कमी लागते, पाणी गोडे असते आणि इंजिनातून निघालेली वाफच चिमणीतून हवेचा झोत ओढून भट्टी फुंकते. बोटीवर यातले काहीच नव्हते. पूर्ण वेगासाठी भट्टीची कोठडी हवाबंद करायची आणि पंख्यांनी हवा कोंबून कोळसा पेटवायचा. भट्टीकडच्या पत्र्यात ज्या भोकांत नळ्यांची टोके बसवलेली असत, तो पत्रा बेसुमार तापे, टोके सैल होत आणि पाणी गळू लागे. पाणी गळले की दाब उतरे, दाब उतरला की वेग उतरे. आराखड्यात या वर्गाच्या बोटींकडून 21 नॉटची अपेक्षा होती. प्रत्यक्षात बॉयलर फार ताणायची सोयच नव्हती आणि 19 नॉटच्या आसपास समाधान मानावे लागे. या वर्गाची पहिली बोट शार्पशूटर, तिच्यात पुढे बेल्व्हिल पद्धतीचे, म्हणजे नळीत पाणी आणि बाहेर आग अशा उलट घडणीचे बॉयलर बसवून प्रयोग करावा लागला.

तोवर 1893-94 मध्ये इंग्लंडात हॅवॉक आणि हॉर्नेट या पहिल्या विनाशिका धावू लागल्या. 26 नॉटच्या पलीकडे जाणाऱ्या या बोटी टॉर्पेडो बोटींना गाठू शकत होत्या आणि गनबोटीचे सारे काम करू शकत होत्या. असई मुंबईला येऊन धड स्थिरावली नाही तोच तिची जातच कालबाह्य झाली. पाठलागासाठी बांधलेली बोट पाठलागात मागे पडणार हे ठरून गेले.

याच घडणीचा बॉयलर त्याच सुमारास छत्तीसगडात दुसऱ्या कामाला लागत होता. बंगाल-नागपूर रेल्वेने रायपूर ते धमतरी आणि अभनपूर ते राजिम अशी अडीच फुटी रुळांची लहान गाडी 1900 मध्ये सुरू केली. अभनपूर जंक्शन झाले. महानदीच्या खोऱ्यातला धान आणि सिहाव्याच्या डोंगरातले सालाचे लाकूड या गाडीने रायपूरच्या मोठ्या रुळांपर्यंत येऊ लागले. ताशी काही मैलांनी जाणाऱ्या, जागोजागी थांबणाऱ्या त्या छोट्या इंजिनांत हा बॉयलर कुरकुर न करता काम करत राहिला. कारागिरीत फरक नव्हता. ज्या कामासाठी ते यंत्र घडले होते, ते काम इथे होते.

बंदरातली बोट, मीठ आणि पौंड

बंदराच्या रक्षणासाठी ठेवलेल्या बोटीचे आयुष्य फार घटनांचे नसते. रंग खरवडायचा, रंग द्यायचा. कोळसा भरायचा. खालच्या अंगाला चिकटलेले शेवाळ आणि कालवे काढण्यासाठी गोदीत चढायचे. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तोफांचा आणि टॉर्पेडोंचा सराव करायचा. मॉनिटरवरच्या जुन्या तोफा काढून 1892 मध्ये मागून भरायच्या आठ इंची तोफा बसवल्या गेल्या, ही त्यांच्या तीस-बत्तीस वर्षांतली त्यातल्या त्यात मोठी घटना.

लढाऊ बोटींचे हुकूम रॉयल नेव्हीच्या शिस्तीत चालत. शेजारी इंडियन मरीनच्या वाहतूक बोटी होत्या, आणि त्यांची दोरी, शिडे, वल्ही सांभाळणारे खलाशी बव्हंशी रत्नागिरी जिल्ह्यातले. दापोली, हर्णे, दाभोळ, राजापूरकडचे कोकणी मुसलमान बापामागून मुलगा या नोकरीत येत. सारंग हा त्यांचा म्होरक्या, त्याच्या हाताखाली टंडेल, सुकाणूवर सुकाणी. भटारखान्यात आणि अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये गोव्याची माणसे. सारंगाच्या पुढची पायरी मात्र नव्हती. या दलात अधिकारी म्हणून पहिला हिंदी माणूस, डी. एन. मुखर्जी, आला तो 1928 मध्ये. ज्या किनाऱ्यावर आंग्र्यांनी स्वतःचे सुभेदार आणि नाखवे नेमले, त्या किनाऱ्याच्या पोरांना पिढ्यानपिढ्या सारंग या शब्दावरच थांबावे लागले.

असईची खरी हालचाल पाहायची तर बंदराकडे पाठ करून तिजोरीकडे पाहावे लागते. बोटीची किंमत, दारूगोळा, अधिकाऱ्यांचे पगार आणि पेन्शन यांतले बरेचसे लंडनमध्ये पौंडांत चुकते करायचे असे. कर वसूल होई तो रुपयांत. 1870 च्या दशकाच्या सुरुवातीला रुपया जवळजवळ दोन शिलिंगांचा होता. चांदीचा भाव पडत गेला तसा तो घसरत गेला आणि 1894-95 च्या सुमारास तेरा पेन्सवर आला. पौंडातला आकडा तोच राहिला तरी तो फेडायला दीडपटीहून अधिक रुपये लागू लागले. एका बाजूला ब्रह्मदेशाची लढाई, दुसऱ्या बाजूला सरहद्दीवरचे किल्ले आणि रेल्वे, तिसऱ्या बाजूला ही विनिमयाची गळती. सरकारने 1886 मध्ये प्राप्तिकर लावला आणि जानेवारी 1888 मध्ये मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर नेला.

प्राप्तिकर अभनपूरच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचत नव्हता. मीठ पोहोचत होते. वाढीव कराचा कोणता रुपया कोणत्या बोटीला लागला असे दाखवता येत नाही, कारण सगळा पैसा एकाच तिजोरीत जाई. पण दोन्हींचा काळ शेजारी ठेवून पाहावा. कर 1888 मध्ये वाढला आणि दोन वर्षांनी असई पाण्यात उतरली. कर पुन्हा दोन रुपयांवर आला तो मार्च 1903 मध्ये. जानेवारी 1903 मध्ये ॲबिसिनिया आणि मगडाला विकल्या गेल्या होत्या आणि 1904 मध्ये प्लासी आणि असई भंगारात निघाल्या. बंदराच्या या पहारेकऱ्यांचा काळ आणि महाग मिठाचा काळ जवळजवळ एकच आहे.

या पंधरा वर्षांत छत्तीसगडाने काय पाहिले? 1896-97 चा दुष्काळ आणि त्यातून उठतो न उठतो तोच 1899-1900 चा, छप्पनचा दुष्काळ. एका पावसावर, एका धानाच्या पिकावर जगणाऱ्या टापूत पाऊस गेला की मजूर, कुळे आणि छोटे मालगुजार एकदमच उघडे पडत. दुष्काळी कामांवर माती वाहायला गावेच्या गावे गेली. रेल्वे आली ती याच वर्षांत. तिने बाहेरचे धान्य आत आणले, आतला धान बाहेर नेला आणि माणसेही नेली, आसामच्या चहाच्या मळ्यांपर्यंत.

हा हिशेब चव्हाट्यावर मांडला तो मुंबई-पुण्याच्या माणसांनी. हिंदुस्थानचा खर्च तपासायला 1895 मध्ये वेल्बी कमिशन नेमले गेले, त्यात दादाभाई नौरोजी सभासद होते. 1897 मध्ये त्यापुढे दिनशा वाच्छा आणि तिशीतले गोपाळ कृष्ण गोखले यांनी साक्षी दिल्या. त्यांच्या म्हणण्याचा गाभा सोपा होता: साम्राज्याच्या रक्षणासाठी होणारा खर्च साम्राज्याने वाटून घ्यावा, आणि ज्यांच्याकडून तो वसूल होतो त्यांचा तो ठरवण्यात हात असावा. ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींनीही याच सुमारास कराकट्टा आणि बूमरँग या असईच्याच जातीच्या गनबोटींसाठी पैसे दिले होते. पण त्यांच्या विधिमंडळांनी ते ठराव करून दिले होते आणि त्या बोटी त्यांच्याच पाण्यात राहतील अशी अट घातली होती. हिंदुस्थानच्या कायदेमंडळाला अशी अट घालण्याचा अधिकारच नव्हता. 1902 च्या मार्चमध्ये गोखले वरिष्ठ कायदेमंडळात पहिल्यांदाच अर्थसंकल्पावर बोलले, तेव्हा लोक उपाशी असताना तिजोरीत शिल्लक कशी, हा प्रश्न आणि मिठावरचा कर उतरवण्याची मागणी त्यांनी आकड्यांनिशी मांडली. पुढच्या वर्षी कर उतरला.

समुद्रावरून जे आले

मुंबईवर रशियन बोट कधी आली नाही. समुद्रावरून दुसरेच संकट आले आणि त्याला तोफ लागू पडत नव्हती. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी बंदराजवळ डॉ. अकासियो व्हिएगास यांनी प्लेगचा रोगी ओळखला. साथ हाँगकाँगकडून जहाजाने आली असावी असे मानले जाते. काही महिन्यांत अर्ध्याच्या जवळपास शहर गाव गाठायला निघाले. रेल्वे स्टेशनांवर तपासण्या, पुण्यात रँडचा जाच, चापेकरांच्या गोळ्या हा सारा इतिहास मराठी वाचकाला पाठ आहे. त्याच दिवसांत मिडल ग्राउंडच्या तोफा आणि बंदरातल्या गनबोटी समुद्राकडे तोंड करून सज्ज होत्या.

गनबोटींना प्रत्यक्ष काम होते ते इराणी आखातात, आणि तिथे मुख्यतः रॉयल नेव्हीच्या ईस्ट इंडीज काफिल्यातल्या बोटी जात. सप्टेंबर 1895 मध्ये स्फिंक्स आणि पिजन यांनी कतारच्या झुबारा बंदरात बहरीनवर चालून जाण्यासाठी जमलेली चाळीसहून अधिक गलबते तोफांनी फोडून टाकली. जानेवारी 1898 मध्ये लॅपविंगने मस्कतजवळ बलुचिस्तान नावाची आगबोट अडवली आणि तिच्यातल्या बंदुका जप्त केल्या. या बोटी कालबाह्य होत्या, हळू होत्या, पण ज्यांच्यावर तोफा झाडायच्या त्यांच्याकडे शिडाची गलबतेच होती. गनबोटीचा खरा उपयोग तिच्यापेक्षा दुबळ्यासमोर होता. समोरचा बरोबरीचा असला की तिचे काय होईल, याचे उत्तर मुंबईत कधी तपासलेच गेले नाही.

ऑक्टोबर 1904 मध्ये सर जॉन फिशर इंग्लंडच्या आरमाराचा मुख्य झाला आणि जगभर विखुरलेल्या, लढायलाही अपुऱ्या आणि पळायलाही अपुऱ्या अशा बोटी काढून टाकण्याचा त्याने सपाटा लावला. असई त्याच वर्षी गेली. मुंबईजवळ पुन्हा अशी खास गनबोटींची जोडी ठेवली गेली नाही.

गंमत अशी की ज्या भयापोटी तिला मागवले ते भय अखेर खरे ठरले, फक्त दहा वर्षे उशिरा आणि दुसऱ्याच झेंड्याखाली. 22 सप्टेंबर 1914 च्या रात्री जर्मन क्रूझर एमडेन मद्राससमोर आली, बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाच्या टाक्या तिने पेटवल्या आणि ती अंधारात निघून गेली. 1880 च्या दशकात मुंबईसाठी जे चित्र रंगवले होते ते हुबेहूब मद्रासला घडले. मुंबईच्या वाट्याला आले ते आणखी निराळे. 1917 च्या फेब्रुवारीत व्यापारी जहाजाचे सोंग घेतलेल्या वुल्फ या जर्मन बोटीने मुंबईबाहेरच्या पाण्यात सुरुंग पेरले. जून 1917 मध्ये पी अँड ओ कंपनीची मंगोलिया ही प्रवासी बोट त्यांतल्याच एका सुरुंगावर आदळून बुडाली. वुल्फ तोवर दुसऱ्या महासागरात पोहोचली होती. पाण्याखाली दडलेल्या सुरुंगाचा पाठलाग 21 नॉटने काय, 40 नॉटने धावणारी बोटही करू शकत नव्हती.

हिशेब कोणी मागायचा

असईची कारकीर्द चौदा वर्षांची. तिने शत्रूची क्रूझर गाठली नाही, कारण ती आलीच नाही. यावरून ती फुकट गेली असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरते खरे नाही. दारावर पहारेकरी असला की चोर येत नाही आणि मग पहारेकरी कशाला होता असे वाटते, हा पेच संरक्षणखर्चात नेहमीच असतो. असईबद्दलचा प्रश्न तो नव्हे. तिची जात कोणती असावी, तिच्यात बॉयलर कोणता असावा, ती कुठे राहावी, तिचे नाव काय असावे आणि तिच्यासाठी मीठ किती महाग व्हावे, यांतला एकही निर्णय ती ज्यांच्या पैशाने बांधली त्यांनी घेतला नाही. चूक झाली तेव्हा जाब विचारायलाही त्यांना जागा नव्हती. गोखले आणि वाच्छा यांनी 1897 मध्ये बोट ठेवले ते नेमके इथे.

ही रीत असईबरोबर भंगारात निघाली नाही. रॉयल नेव्हीच्या ईस्ट इंडीज काफिल्यासाठी हिंदुस्थानच्या तिजोरीतून दर वर्षी एक लाख पौंड जात राहिले. 1934 मध्ये रॉयल इंडियन मरीनची रॉयल इंडियन नेव्ही झाली आणि 1938 मध्ये ती वर्गणी सुटली, तीही हिंदुस्थानने स्वतःच्या खर्चाने सहा आधुनिक रक्षक नौका बाळगाव्यात या अटीवर. 1863 मध्ये मोडलेले लढाऊ दल पुन्हा उभे राहायला एवढी वर्षे लागली. सारंगाच्या पुढची पायरीही त्याच सुमारास मोकळी होऊ लागली.

अभनपूरची छोटी गाडीही आता गेली. रूळ रुंद झाले आणि 30 मार्च 2025 पासून रायपूर ते अभनपूर मेमू गाडी धावते. अभनपूर आज रायपूर लोकसभा मतदारसंघात येते. नौदलाच्या नव्या जहाजांचे पैसे मंजूर व्हायचे असतात ते संसदेत, अर्थसंकल्पाच्या मागण्यांवर मतदान होऊन, आणि तिथे रायपूरचा खासदार बसतो. तो त्या चर्चेत बोलतो की नुसता हात वर करतो, हे पाहायचे काम आता अभनपूरच्या मतदाराचे आहे. 1890 मध्ये त्याच्या पणजोबाला हे काम कोणी दिलेच नव्हते.